उकिरड्याची दैना फेडणारा शास्त्रज्ञ

बारा वर्षांनी उकिरड्याचीही दैना फिटते, अशी आपल्याकडे म्हण आहे. होळकरांच्या इंदुरात १९२४ साली दाखल झालेल्या एका इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञाने ही मुदत तीन महिन्यांवर आणून दाखवली. गोठ्यातील शेण, मूत्राने भिजलेली माती, पऱ्हाट्या, पालापाचोळा आणि चुलीतली राख यांपासून नव्वद दिवसांत काळेभोर, भुसभुशीत खत तयार करण्याची जी रीत त्याने घालून दिली, ती कृषी महाविद्यालयांच्या पाठ्यपुस्तकांत आजही इंदूर पद्धत या नावानेच शिकवली जाते. त्या शास्त्रज्ञाचे नाव सर अल्बर्ट हॉवर्ड. सेंद्रिय शेतीचे आद्य प्रवर्तक म्हणून जग त्यांना ओळखते. मात्र शेतात टाकलेल्या नत्राचे पुढे काय होते, या त्यांना आयुष्यभर छळणाऱ्या प्रश्नाला आज हवामान बदलाच्या चर्चेत जे महत्त्व आले आहे, त्याची कल्पना खुद्द त्यांनाही नव्हती.

अल्बर्ट हॉवर्ड यांचा जन्म ८ डिसेंबर १८७३ रोजी इंग्लंडच्या श्रॉपशायर परगण्यातील बिशप्स कॅसल या गावी एका शेतकऱ्याच्या घरी झाला. शेणामातीचा वास त्यांच्या परिचयाचा होता, तो पुस्तकातून आलेला नव्हता. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ सायन्समध्ये आणि त्यानंतर केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजात त्यांनी निसर्गविज्ञानाचे उच्च शिक्षण घेतले. १८९९ मध्ये वेस्ट इंडीजमधील बार्बाडोस बेटावर बुरशीजन्य रोगांचे तज्ज्ञ म्हणून त्यांची नेमणूक झाली. उसावरील रोगांचा अभ्यास करणे आणि बेटाबेटांवर फिरून मळेवाल्यांना सल्ला देणे, हे त्यांचे काम होते. सूक्ष्मदर्शकाखाली बुरशी ओळखण्यात ते तरबेज झाले. पण एक बोच त्यांच्या मनाला लागून राहिली. आपण दुसऱ्यांना जो उपाय सांगतो, तो स्वतः करून पाहण्यासाठी आपल्याजवळ वीतभरही जमीन नाही, ही ती बोच होती. शेतीचे शास्त्र प्रयोगशाळेत एकीकडे आणि शेतकरी बांधावर दुसरीकडे, ही फारकत त्यांना तेथे प्रथम जाणवली.

इंग्लंडला परतल्यावर केंट परगण्यातील वाय येथील कृषी महाविद्यालयात त्यांनी हॉप या वेलीवर काम केले. बिअरला कडवटपणा देणाऱ्या या वेलीची नर झाडे निरुपयोगी समजून बागायतदार उपटून टाकत. नर झाडे राखली आणि परागीकरण होऊ दिले, तर वेली अधिक जोमाने वाढतात, हे हॉवर्ड यांनी दाखवून दिले. निसर्गाच्या व्यवहारातला एखादा दुवा माणूस तोडतो आणि मग त्याचे परिणाम निस्तरत बसतो, हा त्यांच्या पुढील विचारांचा धागा येथे सापडतो.

१९०५ हे वर्ष त्यांच्या आयुष्याला वळण देणारे ठरले. याच वर्षी गॅब्रिएल मथाय यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि याच वर्षी हिंदुस्थान सरकारचे इम्पिरियल इकॉनॉमिक बॉटनिस्ट म्हणून ते बिहारमधील पुसा येथे रुजू झाले. गॅब्रिएल स्वतः केंब्रिजमध्ये शिकलेल्या, प्रकाशसंश्लेषणावर मोलाचे संशोधन केलेल्या शास्त्रज्ञ होत्या. पतीच्या कामात त्या बरोबरीच्या भागीदार होत्या आणि पुढे सरकारनेही त्यांना दुसऱ्या इम्पिरियल इकॉनॉमिक बॉटनिस्ट या पदावर नेमले. त्या काळात एका स्त्रीला असे पद मिळणे ही साधी गोष्ट नव्हती. पुढची पंचवीस वर्षे या दोघांनी जे काही केले, ते बहुधा जोडनावानेच प्रसिद्ध झाले.

पुसा येथे हॉवर्ड यांनी हट्टाने पंचाहत्तर एकर जमीन मागून घेतली. बार्बाडोसची चूक त्यांना पुन्हा करायची नव्हती. सभोवतालच्या शेतकऱ्यांकडे ते अडाणी म्हणून पाहत नव्हते. हे लोक कोणतेही औषध न फवारता पिके काढतात आणि त्या पिकांवर रोगराई फारशी दिसत नाही, तेव्हा यांच्याकडूनच शिकले पाहिजे, असे त्यांनी ठरवले. गावचा शेतकरी आणि पिकावर पडणारी कीड यांना ते आपले दोन गुरू मानीत. कीड पडली म्हणजे पिकाचे, मातीचे किंवा मशागतीचे काहीतरी बिनसले आहे, असा त्यांचा अर्थ असे. धान्याबरोबर डाळवर्गीय पीक घेण्याची, तूर-हरभऱ्याच्या फेरपालटाची आपली जुनी चाल त्यांनी बारकाईने अभ्यासली. द्विदल पिकांच्या मुळांवरील गाठींतील जिवाणू हवेतील नत्र जमिनीत बांधतात, हे विज्ञानाला तोवर कळले होते. हे विज्ञान ठाऊक नसतानाही शेतकऱ्याने ते शतकानुशतके आचरणात आणले होते, याचे त्यांना अप्रूप वाटे.

सरकारदरबारी त्यांचे नाव झाले ते मात्र गव्हामुळे. हॉवर्ड दांपत्याने निवड आणि संकर करून पुसा ४ आणि पुसा १२ ही वाणे तयार केली आणि उत्तर हिंदुस्थानात ती मोठ्या क्षेत्रावर पसरली. १९०९ मध्ये हिंदुस्थानातील गव्हावरचा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. एवढे यश पदरी पडल्यावर दुसऱ्या कोणी त्याच वाटेने निवृत्तीपर्यंतचा प्रवास सुखाने केला असता. हॉवर्ड यांना मात्र कळून चुकले होते, की सुधारित बियाणे ही अर्धीच गोष्ट आहे. माती भुकेली असेल, तर उत्तम वाणही फार काळ साथ देत नाही.

मातीची ही भूक भागवायची कशाने, यावर त्या काळात जगभर एकच उत्तर दिले जात होते. जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिग यांच्यापासून सुरू झालेल्या विचारानुसार पिकाला नत्र, स्फुरद आणि पालाश मिळाले म्हणजे झाले. १९०९ मध्ये फ्रिट्झ हाबर यांनी हवेतील नत्रापासून अमोनिया तयार करण्याची प्रक्रिया यशस्वी करून दाखवली आणि १९१३ मध्ये जर्मनीतील ओपाऊ येथे त्याचा पहिला मोठा कारखाना सुरू झाला. पहिल्या महायुद्धात असा नत्र दारूगोळ्यासाठी लागला. युद्ध संपल्यावर या कारखान्यांना नवे गिऱ्हाईक हवे होते आणि ते शेतकऱ्याच्या रूपाने मिळाले, असे हॉवर्ड यांचे मत बनले. पुसा येथील संस्थेत एका पिकाचे सहा तज्ज्ञ सहा खोल्यांत बसून सहा तुकडे तपासत. ही विभागणी मोडून शेताचा एकत्रित विचार करणारी संस्था उभारावी, असे हॉवर्ड दांपत्याच्या मनाने घेतले.

ती संधी इंदूरने दिली. मुंबईत काम करणाऱ्या इंडियन सेंट्रल कॉटन कमिटीने आणि मध्य हिंदुस्थानातील संस्थानांनी पैसा पुरवला, होळकर दरबाराने तीनशे एकर जमीन भाडेपट्ट्याने दिली आणि १९२४ मध्ये इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री उभी राहिली. काम मुख्यतः कपाशीवर करायचे होते. माळव्याची काळी जमीन पावसाळ्यात चिखल होते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिला भुसभुशीत ठेवण्यासाठी भरपूर कुजलेले खत हवे. पण खत यायचे कोठून? शेणाच्या गोवऱ्या थापून चुलीत जाळल्या जात. गोमूत्र गोठ्यातच जिरून वाया जाई. उरलेसुरले उकिरड्यावर पडे आणि उन्हापावसात त्यातले सत्त्व उडून वा वाहून जाई.

चीनमधील शेतकरी गावातला सगळा टाकाऊ माल कुजवून हजारो वर्षे जमिनीचा कस राखून आहेत, हे अमेरिकन मृदाशास्त्रज्ञ एफ. एच. किंग यांच्या १९११ मधील पुस्तकातून हॉवर्ड यांनी वाचले होते. त्या अनुभवाला शास्त्रीय शिस्त लावण्याचे काम इंदूरला झाले. संस्थेतील रसायनशास्त्र विभागाचे प्रमुख सहायक यशवंत वाड यांचा या कामात मोठा वाटा होता. कोणत्या काडीकचऱ्यात कार्बन किती, नत्र किती, ढीग किती तापतो, ओल किती राहिली पाहिजे, याच्या नोंदी ठेवण्यात आल्या. सुरुवातीला कार्बन आणि नत्राचे प्रमाण साधारण तेहेतीसास एक असावे आणि खत तयार होईपर्यंत ते दहास एकच्या आसपास यावे, असा हिशेब बसला.

रीत मात्र कोणाही शेतकऱ्याला जमेल अशी ठेवण्यात आली. पऱ्हाट्यांसारखा टणक माल शेतरस्त्यावर पसरायचा, म्हणजे बैलगाड्यांच्या चाकांखाली तो आपोआप चुरडला जातो. तो गुरांच्या पायाखाली अंथरायचा. मग सुमारे दोन फूट खोल खड्ड्यात काडीकचरा, मूत्रमाती आणि राख यांचे थर देत, शेणकाला शिंपडत जायचे. पावसाळ्यात खड्ड्यात पाणी साचते, म्हणून तेव्हा जमिनीवर ढीग रचायचा. पंधरवड्याने, महिन्याने आणि दोन महिन्यांनी असे तीनदा ते उलथेपालथे करायचे. ही खालीवर करण्याची क्रिया हा या पद्धतीचा प्राण आहे. ढिगात हवा खेळती राहिली तर जिवाणू काम चोख करतात. हवा कोंडली तर ढीग सडतो, दुर्गंधी सुटते आणि नत्र निसटते. हॉवर्ड आणि वाड यांनी मिळून लिहिलेले ‘द वेस्ट प्रॉडक्ट्स ऑफ अ‍ॅग्रिकल्चर’ हे पुस्तक १९३१ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा नत्राची ही गळती रोखणे हाच त्याचा गाभा होता.

पुस्तक हाती आले, तेव्हा गॅब्रिएल हयात नव्हत्या. १९३० मध्ये त्यांचे निधन झाले. पंचवीस वर्षांची सहचारिणी आणि सहसंशोधक गमावल्यानंतर हॉवर्ड यांनी १९३१ मध्ये निवृत्ती घेऊन हिंदुस्थान सोडला. त्याच वर्षी गॅब्रिएल यांच्या भगिनी लुईझ यांच्याशी ते विवाहबद्ध झाले. पुढे लुईझ यांनीच हॉवर्ड यांच्या हिंदुस्थानातील कार्यावर ग्रंथ लिहून गॅब्रिएल यांचा वाटा जगापुढे मांडला. १९३४ मध्ये हॉवर्ड यांना सर हा किताब मिळाला. इंदूर पद्धत एव्हाना केनियातील कॉफीच्या आणि सिलोन व हिंदुस्थानातील चहाच्या मळ्यांत पोहोचली होती. १९३५ मध्ये महात्मा गांधींनी इंदूरच्या संस्थेला भेट देऊन ही पद्धत पाहिली आणि ‘हरिजन’मधून तिचा प्रसार केला.

इंग्लंडमधील हॉवर्ड मात्र इंदूरच्या हॉवर्डपेक्षा वेगळे होते. प्रयोगवहीची जागा आता वादविवादाने घेतली. १९४० मध्ये त्यांचा ‘अ‍ॅन अ‍ॅग्रिकल्चरल टेस्टामेंट’ हा ग्रंथ आला. मातीतून जे घेतले, ते मातीला परत केलेच पाहिजे, हा परतफेडीचा नियम त्यांनी त्यात मांडला. रासायनिक खतांवर आणि रोथॅमस्टेड येथील जगप्रसिद्ध संशोधन केंद्राच्या प्रयोगांवर त्यांनी कठोर टीका केली. सकस मातीतल्या पिकांना रोग होत नाहीत, ती पिके खाणारी गुरे आणि माणसेही निरोगी राहतात, येथपर्यंत त्यांची विधाने गेली. आपले बैल लाळ्या-खुरकूत झालेल्या गुरांच्या संपर्कात येऊनही आजारी पडले नाहीत, हा पुसाचा दाखला ते नेहमी देत. एका गोठ्यातल्या अनुभवावरून एवढा मोठा सिद्धान्त उभा राहत नाही, हे त्यांच्यातल्या पूर्वीच्या शास्त्रज्ञाने खचितच ओळखले असते. कृषिशास्त्रज्ञांनी त्यांच्याकडे पाठ फिरवली आणि सेंद्रिय शेतीच्या पुरस्कर्त्यांनी त्यांना डोक्यावर घेतले. या दोन तटांत त्यांच्या इंदूरमधील सर्वांत मोलाच्या कामाकडे, म्हणजे नत्राच्या काटेकोर हिशेबाकडे, कोणाचेच फारसे लक्ष गेले नाही.

२० ऑक्टोबर १९४७ रोजी हॉवर्ड यांचे लंडनजवळ निधन झाले. भारत स्वतंत्र होऊन दोन महिने झाले होते. बंगालच्या दुष्काळाच्या जखमा ताज्या होत्या आणि नव्या सरकारपुढे पहिला प्रश्न धान्याचा होता. १९५१ मध्ये सिंद्री येथे खत कारखाना सुरू झाला, १९६५ मध्ये मुंबईत ट्रॉम्बे येथे. त्यानंतर बुटक्या गव्हाची वाणे आली, नत्राचा मोठा डोस पेलूनही न लोळणारी. हरितक्रांतीने देशाला उपासमारीतून बाहेर काढले, यात शंका नाही, आणि ते काम एकट्या कंपोस्टने झाले नसते हेही तितकेच खरे. प्रश्न पुढे निर्माण झाला. अनुदानामुळे युरिया स्वस्त राहिला. २०१८ मध्ये ४५ किलोच्या गोणीची किंमत करांव्यतिरिक्त २४२ रुपये ठरवण्यात आली. स्वस्त वस्तू हात राखून वापरण्याचे कारण उरत नाही. २०२२-२३ मध्ये देशात ३५० लाख टनांहून अधिक युरिया वापरला गेला.

टाकलेल्या नत्रापैकी साधारण निम्मेच पिकाच्या पोटात जाते. उरलेल्यातले काही विहिरी-नाल्यांत उतरते, काही अमोनिया होऊन उडते आणि एक लहानसा हिस्सा मातीतील जिवाणूंच्या क्रियेतून नायट्रस ऑक्साइड होऊन आकाशात जातो. हा वायू शंभर वर्षांच्या काळात कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट उष्णता अडवतो आणि वर ओझोनचा थरही विरळ करतो. आंतरराष्ट्रीय हवामान समिती हिशेबासाठी टाकलेल्या नत्राचा एक टक्का या रूपाने थेट जातो, असे धरते. एक टक्का ऐकायला किरकोळ वाटतो. पण युरियाच्या एका गोणीत सुमारे २१ किलो नत्र असते. त्याचा एक टक्का म्हणजे सुमारे ९० किलो कार्बन डायऑक्साइडइतका परिणाम. मोटारीत जवळपास ४० लिटर पेट्रोल जाळल्यावर जेवढा धूर निघतो, तेवढाच हा न दिसणारा धूर. कारखान्यात युरिया बनवताना जे इंधन जळते, ते वेगळेच.

हॉवर्ड ज्या केंब्रिजमध्ये शिकले, तेथील संशोधकांनी २०२३ मध्ये हा जागतिक हिशेब मांडला. शेणखत आणि रासायनिक नत्रखते मिळून दरवर्षी २६० कोटी टन कार्बन डायऑक्साइडइतके उत्सर्जन करतात. जगातील विमाने आणि जहाजे यांच्या एकत्रित उत्सर्जनापेक्षा हे अधिक आहे. नत्रखतांच्या उत्सर्जनापैकी सुमारे दोन तृतीयांश भाग कारखान्यात होत नाही, शेतात खत पडल्यावर होतो. म्हणजेच तो कमी करण्याची किल्ली बव्हंशी बांधावर आहे.

या हिशेबात शेणखताचेही नाव आहे, हे हॉवर्ड यांच्या अनुयायांनी विसरू नये. नत्र गोणीतून आले की गोठ्यातून, हे मातीतल्या जिवाणूला कळत नाही. पिकाच्या गरजेपेक्षा जास्त पडलेले नत्र वाया जाणार आणि हवा कोंडलेला कंपोस्टचा ढीग मिथेन व नायट्रस ऑक्साइड सोडणारच. रासायनिक खते एका फटक्यात बंद करणे हाही उपाय नाही. श्रीलंकेने २०२१ च्या मे महिन्यात त्यांच्या आयातीवर बंदी घातली. भाताचे उत्पादन कोसळले, तांदूळ बाहेरून आणावा लागला आणि नोव्हेंबरपर्यंत बंदी मागे घ्यावी लागली.

उपाय हॉवर्ड यांच्या पुसा-इंदूरच्या वह्यांत आहेत आणि त्यांना पुढच्या संशोधनाची जोड मिळाली आहे. पिकाला हवे तेव्हा, हवे तेवढेच नत्र हप्त्याहप्त्याने द्यावे. फेरपालटात तूर, हरभरा, मूग यांना पुन्हा जागा द्यावी, म्हणजे तेवढ्या गोण्या वाचतात. काडीकचरा जाळण्याऐवजी हवा खेळती ठेवून कुजवावा. यवतमाळ जिल्ह्यातील पुसदच्या नाडेपकाका पांढरीपांडे यांच्या टाक्याच्या भिंतीत जी भोके असतात, ती याच हवेसाठी. पुसाची जुनी संस्था १९३४ च्या भूकंपानंतर दिल्लीला हलवण्यात आली. तेथे सत्तरच्या दशकात कडुलिंबाच्या पेंडीचे आवरण दिलेल्या युरियावर संशोधन झाले. या आवरणामुळे नत्र सावकाश सुटते. २०१५ मध्ये देशातील सर्व युरियाला कडुलिंबाचे आवरण सक्तीचे करण्यात आले. हॉवर्ड यांनी ज्या संस्थेला कंटाळून निरोप घेतला, तिनेच त्यांची चिंता पुढे नेली, असे म्हणता येईल.

शहरातल्या वाचकाला हे सारे दूरचे वाटण्याचा संभव आहे. पण परतफेडीचा जो नियम हॉवर्ड यांनी सांगितला, तो सर्वाधिक मोडला जातो शहरांत. गावातून पोत्यांनी आलेले नत्र भाजी-भाकरीच्या रूपाने आपल्या घरात येते आणि खरकट्याबरोबर कचरा डेपोवर जाते. तेथे ते गावाला उपयोगी पडत नाही आणि ओल्या कचऱ्याच्या डोंगरातून मिथेन तेवढा निघत राहतो. गावाने मग त्याची भरपाई नव्या गोणीने करायची.

ज्या इंदुरात हॉवर्ड यांनी खड्डे खणले, त्याच शहरात २०२२ मध्ये दररोज ५५० टन ओल्या कचऱ्यावर प्रक्रिया करून गॅस आणि खत तयार करणारा प्रकल्प सुरू झाला. घरोघरी ओला आणि सुका कचरा वेगळा केला जातो, म्हणूनच तो चालू शकतो. हॉवर्ड यांच्या संस्थेच्या जागी आता कृषी महाविद्यालय आहे आणि तेथील विद्यार्थी खताच्या थरांचा क्रम अजून शिकतात. आपल्या स्वयंपाकघरातल्या डब्यात मात्र भाजीचे देठ आणि प्लॅस्टिकची पिशवी एकत्रच पडत असतील, तर त्या क्रमातला पहिला थर अद्याप घातला जायचा आहे.